उसना अध्यक्ष : ब्लूमफाँटेन, डिसेंबर १९४९

१९४९ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतील एका जुन्या राजकीय संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरले आणि तिच्या अध्यक्षपदी असे गृहस्थ निवडून आले, जे थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत तिचे सभासदही नव्हते. संघटनेचे नावही त्यांच्या तोंडी बसलेले नव्हते. ‘आफ्रिकन नॅशनल काँग्रेस’चा उल्लेख ते ‘आफ्रिकन नॅशनल कौन्सिल’ असा करीत. त्यांना निवडून आणणारी मंडळी मात्र संघटनेत मुरलेली होती, आणि वयाने तिशीतली होती. वॉल्टर सिसुलू, ऑलिव्हर टांबो, ए. पी. एम्डा, नेल्सन मंडेला ही त्यांतील काही नावे.

मंडेलांच्या चरित्राची चर्चा रॉबेन बेटापासून सुरू होते आणि १९९४ च्या मतदानाच्या रांगांपाशी संपते. त्यांच्या पिढीने लढवलेली पहिली खरी निवडणूक मात्र गोऱ्या सरकारविरुद्ध नव्हती. ती स्वतःच्याच वडीलधाऱ्यांविरुद्ध होती, आणि वादाचा प्रश्न एका वाक्यात मावणारा होता : नेत्याने तुरुंगात जायला तयार असावे की नसावे?

काँग्रेसची स्थापना ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन याच शहरात झाली होती. वकील, पाद्री, शिक्षक, संपादक आणि टोळीप्रमुख हे तिचे आधारस्तंभ. अर्ज, निवेदने आणि शिष्टमंडळे ही तिची शस्त्रे. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातील बहुसंख्य असलेल्या आफ्रिकी लोकांना सुमारे ७ टक्के जमिनीत कोंडले, तेव्हा काँग्रेसने लंडनला शिष्टमंडळ पाठवले. ते रिकाम्या हाताने परतले. १९३६ मध्ये केप प्रांतातील आफ्रिकी मतदारांना सामाईक मतदार यादीतून वगळण्यात आले, तेव्हाही निवेदनेच लिहिली गेली. त्या दशकात पिक्सली का इसाका सेमे यांच्या अध्यक्षतेखाली संघटना जवळजवळ निद्रिस्त झाली होती.

तिला जागे केले डॉ. ए. बी. झुमा यांनी. पुढील कथेत ते पराभूत बाजूला उभे असल्यामुळे त्यांच्यावर अन्याय होण्याचा धोका आहे, म्हणून त्यांचे श्रेय आधी मांडलेले बरे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये शिकलेले हे डॉक्टर १९४० मध्ये अध्यक्ष झाले, तेव्हा संघटनेच्या तिजोरीत १७ शिलिंग ६ पेन्स होते. मंडेलांनीच नोंदवल्याप्रमाणे, झुमांनी ती शिल्लक ४,००० पौंडांवर नेली. त्यांनी १९४३ मध्ये नवी घटना आणली, टोळीप्रमुखांचे स्वतंत्र सभागृह रद्द केले आणि स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले. त्याच वर्षी अटलांटिक सनदेचा आधार घेऊन ‘आफ्रिकन्स क्लेम्स’ हा मागण्यांचा दस्तऐवज तयार झाला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. ज्या यंत्रणेने पुढे त्यांना पायउतार केले, ती यंत्रणा चालू स्थितीत आणण्याचे काम त्यांचे होते.

त्यांची मर्यादा वेगळी होती. मंत्र्यांची भेट घ्यावी, सचिवांना पत्र धाडावे, मुद्देसूद युक्तिवाद करावा, आणि समोरचा सुसंस्कृत गृहस्थ केव्हातरी तो मान्य करील असा विश्वास बाळगावा, ही त्यांची रीत. जनसमुदाय या रीतीत कोठेच बसत नव्हता.

१९४३-४४ च्या सुमारास तरुणांचे एक शिष्टमंडळ सोफियाटाउनमधील त्यांच्या घरी गेले. काँग्रेसच्या अंतर्गत ‘यूथ लीग’ स्थापन करण्याचा प्रस्ताव आणि त्याचा मसुदा त्यांच्या हाती होता. झुमांना तरुण हवे होते, पण सभासद गोळा करणारी सैलशी समिती म्हणून. जनआंदोलनाचा विषय निघताच त्यांनी सांगितले की आफ्रिकी लोक अद्याप असंघटित आणि बेशिस्त आहेत, अशी मोहीम उतावळेपणाची ठरेल. तरुणांनी मान डोलावली नाही. डिसेंबर १९४३ च्या अधिवेशनाने तत्त्वतः मंजुरी दिली आणि १९४४ च्या ईस्टर रविवारी जोहान्सबर्गच्या एलॉफ रस्त्यावरील ‘बांटू मेन्स सोशल सेंटर’मध्ये लीगची रीतसर स्थापना झाली.

सभेला शंभराच्या आसपास माणसे होती, त्यांतील बहुतेक सारे पुरुष. फोर्ट हेअर महाविद्यालयातून शिकून आलेल्यांचा भरणा मोठा. ज्या मंडळींना जनतेच्या नावाने बोलायचे होते, त्यांची ही पहिली बैठक जनतेच्या मानाने फारच निवडक होती. पदाधिकारी निवडले गेले : अध्यक्ष अँटन लेंबेडे, चिटणीस ऑलिव्हर टांबो, खजिनदार वॉल्टर सिसुलू. कार्यकारिणीत मंडेला. लेंबेडे शेतमजुराचा मुलगा, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक, आणि वकिलीची उमेदवारी करीत होता ती त्याच जुन्या सेमेंच्या कार्यालयात. टांबो गणित आणि विज्ञानाचे शिक्षक. सिसुलूंचे शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले. सोन्याच्या खाणीत आणि बेकरीत राबून ते आता जमीन-घरांच्या व्यवहारात मध्यस्थी करीत होते. पदवीधरांच्या त्या मेळाव्यात पदवी नसलेला हाच माणूस पुढे सर्वांत महत्त्वाच्या खुर्चीवर बसला.

लीगच्या रचनेतील कळीचा मुद्दा येथेच लक्षात घ्यायला हवा. ती स्वतंत्र पक्ष नव्हती. तिचे कार्यकर्ते मूळ काँग्रेसचेही सभासद असत, तिच्या शाखांत बसत आणि वार्षिक अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जात. बाहेर पडून नवी चूल मांडण्यापेक्षा आतूनच चूल ताब्यात घेण्याचा हा डाव होता. त्याला वेळ लागतो. पाच वर्षे लागली.

त्या पाच वर्षांत परिस्थितीच तरुणांच्या बाजूने वळली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ७०,००० हून अधिक आफ्रिकी खाणकामगार संपावर गेले. सरकारने आठवड्याच्या आत बळाचा वापर करून संप मोडला. निवेदनांना उत्तर न देणारे सरकार गोळीने मात्र तत्काळ उत्तर देते, हे दिसून आले. त्याच वर्षी भारतीयांच्या जमीन-खरेदीवर निर्बंध घालणाऱ्या कायद्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांनी सत्याग्रह सुरू केला. डॉ. युसुफ दादू आणि डॉ. मॉन्टी नायकर यांना सक्तमजुरी झाली. सुमारे २,००० स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्यांत व्यापारी होते, विद्यार्थी होते, गृहिणी होत्या. ज्या नाताळमध्ये गांधींनी १८९४ मध्ये भारतीयांची काँग्रेस स्थापली, तेथेच हे घडत होते.

येथे एक विसंगती आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. यूथ लीगची विचारसरणी कडवी आफ्रिकी राष्ट्रवादी होती. भारतीयांशी आणि कम्युनिस्टांशी हातमिळवणी तिला नको होती; आपली चळवळ हे लोक गिळून टाकतील अशी तिला धास्ती वाटे. तरीही तुरुंगाची भीती कशी मोडायची, हा धडा या तरुणांनी घेतला तो भारतीयांकडूनच. संघटना वेगळी ठेवायची पण पद्धत उचलायची, असा हा व्यवहार होता.

१९४७ च्या जुलैत लेंबेडे अवघ्या ३३ व्या वर्षी गेले. एम्डा अध्यक्ष झाले आणि लीगच्या विचारांना त्यांनी अधिक काटेकोर रूप दिले. मग मे १९४८ ची निवडणूक आली. डॉ. डी. एफ. मालान यांच्या नॅशनल पक्षाला स्मट्स यांच्यापेक्षा मते कमी पडली, पण जागा जास्त मिळाल्या, आणि ‘अपार्टहाइड’ हा शब्द प्रचारातून राज्यकारभारात आला. पुढच्याच वर्षी आंतरवंशीय विवाहांवर बंदी आली. झुमांचा सुसंस्कृत श्रोता आता सत्तेवरच उरला नव्हता.

लीगने ‘कृती कार्यक्रम’ तयार केला. बहिष्कार, संप, सविनय कायदेभंग, असहकार आणि देशव्यापी एक दिवसाचे काम बंद, ही त्याची कलमे. मसुदा शाखांत फिरला, त्यावर चर्चा झाल्या, प्रतिनिधींची मने चाचपली गेली. उरला तो अध्यक्षाचा प्रश्न.

अधिवेशनाला काही आठवडे असताना सिसुलू, टांबो आणि मंडेला पुन्हा सोफियाटाउनला झुमांच्या दारी गेले. भारतात गांधींनी आणि येथे १९४६ मध्ये भारतीयांनी जे केले, त्या धर्तीवर आता उतरावे लागेल. काँग्रेसचे नेते कायदा मोडायला आणि शिक्षा भोगायला सिद्ध असले पाहिजेत, असे त्यांनी मांडले. झुमांनी नकार दिला. ही वेळ नव्हे, याने सरकारला काँग्रेस चिरडण्याचे निमित्त मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. आपला चांगला चाललेला दवाखाना तुरुंगवासापायी धोक्यात घालण्याची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा तरुणांनी अट पुढे केली : कार्यक्रमाला पाठिंबा द्या, आम्ही तुमच्या फेरनिवडीला पाठिंबा देऊ. नाही, तर नाही.

झुमा संतापले. हे सरळसरळ धमकावणे आहे, तुम्ही पोरसवदा आणि उद्धट आहात, असे सुनावून त्यांनी तिघांना बाहेरची वाट दाखवली. रात्रीचे अकरा वाजले होते. सोफियाटाउनच्या रस्त्यांवर दिवे नव्हते, आकाशात चंद्र नव्हता, वाहने बंद झालेली आणि घर मैलोगणती दूर, ऑर्लंडोला. निदान घरी पोहोचण्याची सोय तरी करायची होती, असे टांबो म्हणाले. अखेर सिसुलूंच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तिघांना रात्रीपुरता आसरा दिला.

झुमांचा राग समजण्याजोगा होता. ज्यांच्या वयाला संघटनेत त्यांनीच जागा करून दिली, तेच आता सौदा मांडत होते. त्यांचा अंदाजही चुकीचा नव्हता. सरकारने पुढे खरोखरच काँग्रेस चिरडण्याचा प्रयत्न केला आणि एप्रिल १९६० मध्ये तिच्यावर बंदी घातली. तरुणांचे उत्तर इतकेच होते की न चिरडता जिवंत ठेवलेली, पण काहीच न करणारी संघटना कोणाच्या कामाची?

आता तरुण मोकळे झाले होते, पण हातात उमेदवार नव्हता. त्यांच्यापैकी कोणी उभे राहणे अशक्य होते. काँग्रेसचे अध्यक्षपद वयाने, शिक्षणाने आणि प्रतिष्ठेने मोठ्या माणसाचे, हा संकेत मोडण्याइतकी मते त्यांच्याकडे नव्हती. पहिली नजर गेली ती प्रा. झेड. के. मॅथ्यूज यांच्याकडे. फोर्ट हेअरचे हे प्राध्यापक अनेकांचे गुरू. त्यांना तरुण फार जहाल आणि त्यांचा कार्यक्रम अव्यवहार्य वाटला. त्यांनी नाही म्हटले.

अधिवेशन तोंडावर आलेले, आणि बाशिंग बांधायला नवरदेवच सापडेना, अशी स्थिती झाली. तेव्हा कोणाला तरी डॉ. जेम्स मोरोका आठवले.

मोरोका राहत ते थाबा न्चू गाव ब्लूमफाँटेनपासून साधारण ६० किलोमीटरवर. एडिंबरोला शिकलेले डॉक्टर, आणि देशातील सर्वांत धनवान आफ्रिकी व्यक्तींपैकी एक. ते काँग्रेसचे नव्हते. ‘ऑल आफ्रिकन कन्व्हेन्शन’ या दुसऱ्याच, काँग्रेसशी स्पर्धा असलेल्या संघटनेशी त्यांचा संबंध होता. तरुणांनी त्यांच्यापुढे कृती कार्यक्रम ठेवला. त्यांनी होकार दिला. मग त्यांना सभासद करून घेण्यात आले, आणि नव्या कोऱ्या सभासदाचे नाव थेट अध्यक्षपदासाठी पुढे आले. ‘कौन्सिल’ आणि ‘काँग्रेस’ यांतील फरक समजावून सांगण्याचे काम नंतर झाले.

अधिवेशन डिसेंबरच्या मध्याला भरले. यालाही कारण होते. १६ डिसेंबर हा सुटीचा दिवस, त्यामुळे दूरच्या प्रतिनिधींना प्रवास जमे. सुटी कशाची? १८३८ मध्ये त्या दिवशी ‘फोरट्रेकर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोऱ्या वसाहतकारांनी झुलूंचा मोठा पराभव केला होता, त्या विजयाची. १९४९ चा १६ डिसेंबर तर आणखी विशेष होता. त्याच दिवशी प्रिटोरियात प्रचंड गर्दीच्या साक्षीने आणि पंतप्रधान मालान यांच्या उपस्थितीत भव्य फोरट्रेकर स्मारकाचे उद्घाटन झाले. आणि इकडे ब्लूमफाँटेनला काँग्रेस ज्यांना अध्यक्ष करू पाहत होती, त्या मोरोकांचे पूर्वज, बारोलाँग प्रमुख मोरोका, यांनी १८३६ मध्ये याच फोरट्रेकरांना संकटात आधार दिला होता. लढाईत गुरेढोरे गमावून बसलेल्या त्या मंडळींच्या गाड्या ओढून आणायला त्यांनी बैल पाठवले होते. स्मारकाच्या गौरवगाथेत त्या बैलांना किती जागा मिळाली असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

१७ डिसेंबर रोजी कृती कार्यक्रम मंजूर झाला. निवडणुकीत झुमा पडले, मोरोका अध्यक्ष झाले. सरचिटणीसपदी सिसुलू निवडून आले. टांबो राष्ट्रीय कार्यकारिणीत गेले. मंडेला या सगळ्याला हजर नव्हते! नुकतीच एका वकिली कार्यालयात नोकरी लागली होती आणि दोन दिवसांची रजा मिळाली नाही. ज्या सत्तांतराच्या खटपटीत ते इतके पुढे होते, त्याची बातमी त्यांना इतरांकडून कळली. पुढे झुमांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला, तेव्हा त्या रिकाम्या जागेवर मंडेलांनाच घेण्यात आले.

मोरोकांच्या निवडीची नवलकथा सर्वत्र सांगितली जाते, पण अधिवेशनातील खरी कमाई सरचिटणीसपद ही होती. अध्यक्ष शेकडो मैल दूर आपल्या गावी दवाखाना चालवत होता. जोहान्सबर्गच्या कार्यालयात बसून पत्रे लिहिणे, शाखांचा हिशेब ठेवणे, बैठका बोलावणे आणि ठरावाचे कृतीत रूपांतर करणे हे सरचिटणिसाचे काम, आणि ते पूर्णवेळ करायला सिसुलू तयार झाले. मानधन ठरले महिना ५ पौंड, आणि तेही क्वचितच हाती पडे. घर चालत होते ते पत्नी अल्बर्टिना यांच्या परिचारिकेच्या पगारावर. जनआंदोलनाच्या इतिहासात या पगाराचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी येतो. वास्तविक तो खर्चाच्या पहिल्याच रकान्यात यायला हवा.

पुढील घटना वेगाने घडल्या. १९५० मध्ये काम बंद आंदोलने झाली. जानेवारी १९५२ मध्ये सहा अन्याय्य कायदे रद्द करण्याची मागणी करणारे पत्र पंतप्रधानांना धाडायचे ठरले. त्यावर अध्यक्षांची सही हवी होती, म्हणून मंडेलांना मोटार घेऊन थाबा न्चूला जावे लागले. कार्यालय कोठे आणि अध्यक्ष कोठे, याचा हा नमुना. सरकारने मागणी फेटाळली आणि २६ जून १९५२ रोजी अवज्ञा मोहीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी बॉक्सबर्ग येथे परवान्याविना वस्तीत शिरून अटक करून घेणाऱ्या ५२ स्वयंसेवकांच्या अग्रभागी दोघे होते : वयोवृद्ध गांधीवादी नाना सीता आणि काँग्रेसचे सरचिटणीस सिसुलू. भारतीयांबरोबर काम नको म्हणणारी लीग एव्हाना बरीच पुढे आली होती. त्या मोहिमेत ८,००० हून अधिक लोकांनी अटक पत्करली, आणि काँग्रेसचे सभासद २०,००० वरून १ लाखावर गेले.

मग सरकारने नेत्यांवर खटला भरला. कम्युनिझम दडपण्याच्या कायद्याखाली वीस आरोपी उभे होते, त्यांत मोरोका, सिसुलू, मंडेला आणि दादू. सर्वांचा बचाव एकत्र व्हावा असे ठरलेले असताना मोरोकांनी स्वतःसाठी वेगळा वकील केला. मंडेला त्यांचे मन वळवायला गेले, पण उपयोग झाला नाही. न्यायालयात मोरोकांनी आफ्रिकानर समाजाशी आपल्या कुटुंबाचे जुने स्नेहसंबंध सांगितले. गोरे आणि काळे यांच्यात समता असावी का, या प्रश्नावर अशी समता कधीच येणार नाही, असे उत्तर दिले. सहआरोपींत कम्युनिस्ट कोण आहेत, असे विचारल्यावर ते एकेकाकडे बोट दाखवू लागले. अखेर न्यायाधीश रुम्फ यांनीच त्याची गरज नाही म्हणून त्यांना थांबवले.

तीन वर्षांपूर्वी ब्लूमफाँटेनला या माणसाला फक्त एकच प्रश्न विचारण्यात आला होता, आणि त्याने हो म्हटले होते. तो हो कशातून आला, किती खोल आहे, हे तपासायला कोणाकडे सवड नव्हती. झुमांनी निदान तोंडावर नाही म्हटले होते. तुरुंगाचा धोका पत्करणार नाही हे त्यांनी आपल्या दिवाणखान्यात सांगितले, मोरोकांनी आरोपीच्या पिंजऱ्यात. यात तरुणांचा दोष आहेच. पण मोरोका नसते तर डिसेंबर १९४९ मध्ये ना कार्यक्रमाला मुखवटा मिळाला असता, ना सिसुलूंना ती खुर्ची, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

२ डिसेंबर १९५२ रोजी सर्वांना नऊ महिन्यांची सक्तमजुरी सुनावण्यात आली आणि ती दोन वर्षांसाठी स्थगित ठेवली गेली. त्याच महिन्यात काँग्रेसचे वार्षिक अधिवेशन भरले. नाताळचे अल्बर्ट लुथुली यांना सरकारने नुकतेच बजावले होते की काँग्रेस सोडा किंवा टोळीप्रमुखपद सोडा. त्यांनी काँग्रेस सोडायचे नाकारले, तेव्हा सरकारने त्यांचे प्रमुखपद काढून घेतले. या वेळी उमेदवाराला काही विचारण्याची गरज नव्हती. मोरोका पडले, लुथुली अध्यक्ष झाले, मंडेला उपाध्यक्ष. सरचिटणीसपदी सिसुलू कायम राहिले.